पान संपलं होतं

माझ्या फोटोंत माणसं नसतात. त्यावरून लोक काय काय अर्थ काढतात! एकटेपणा म्हणे, काळाचं भान म्हणे. खरं कारण अगदी साधं आहे. मी जुन्या वास्तू काळ्या-पांढऱ्या फिल्मवर टिपते. आत उजेड कमी असतो आणि लेन्सचं भोक मी इतकं बारीक ठेवते की शटर कितीतरी मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात समोरून अख्खा मोर्चा गेला तरी फिल्मवर त्याचा मागमूस उरत नाही. जो थांबेल तो उमटतो, जो हलेल तो गेला. म्हणून मी कुणाला बाजूला व्हा म्हणत नाही. उलट ओरडते, "चालत राहा, मधेच थांबू नका!" लोकांना वाटतं बाई तिरसट आहे. आहेच, पण त्याला हे कारण नाही.

शहरातला संगीताचा जुना हॉल पाडायचं ठरलं तेव्हा हॉलच्या समितीने मला बोलावलं. छताला तडे गेले होते, स्टेजखालचं लाकूड कुजलं होतं आणि दुरुस्तीचं नाव काढलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पाडण्याआधी हॉलच्या फोटोंचं एक देखणं पुस्तक काढायचं होतं. समितीचे सचिव म्हणाले, "तुमच्या पद्धतीने होऊ द्या. रिकामा, शांत, भव्य हॉल. माणूस एकही नको." मी हो म्हटलं. त्या हॉलचा मागचा दरवाजा मला पुढच्या दरवाजापेक्षा जास्त ओळखीचा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझे बाबा जन्मभर तिथे नोकरीला होते.

दिवसा ते तिकीट खिडकीत बसायचे. खिडकीची फट एवढीशी, त्यामुळे लोकांना त्यांचे फक्त हात दिसायचे. संध्याकाळी काळा कोट चढवून ते स्टेजवर जायचे आणि साहेबांच्या डाव्या हाताला, जरा मागे, एका साध्या लाकडी खुर्चीवर बसायचे. साहेब म्हणजे त्या काळचे नावाजलेले पियानोवादक. त्यांना ऐकायला लोक कुठून कुठून यायचे. त्यांचे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, मग समोरच्या नोटेशनची पानं उलटणार कोण? तर बाबा. उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा, साहेबांनी मान हलवली की उलटायचं, परत बसायचं. साहेबांचं बाबांशिवाय पान हलत नाही असं हॉलमधले लोक म्हणायचे, आणि ते शब्दशः खरं होतं.

या कामाचा नियम एकच, दिसायचं नाही. खिशात किल्ल्या ठेवायच्या नाहीत, बूट वाजू द्यायचे नाहीत, खोकला आला तर गिळायचा. उठायचं ते दर वेळी त्याच जागी, तेवढंच वाकून, म्हणजे साहेबांच्या नजरेच्या कडेला काही नवीन येता कामा नये. बाबा घरी त्याचा सराव करायचे. जेवणाचं टेबल म्हणजे पियानो आणि वर्तमानपत्र म्हणजे नोटेशन. आई ताट घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "झाली का हो मैफल? भाजी निवतेय." बाबा बोट वर करून तिला थांबवायचे. पान उलटेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही हे मी चालायच्या आधी शिकले असणार.

हॉलच्या पुढच्या दालनात साहेबांचे फोटो लावलेले होते. एकूण एक फोटोत बाबा कडेला असणार, पण फोटोग्राफरांनी ते कापून टाकलेले. कुठे काळी बाही राहिलेली, कुठे गुडघा. लहानपणी एकदा त्यांनी मला उचलून एका फोटोजवळ नेलं आणि मोठ्या कौतुकाने दाखवलं, "हे बघ, हा माझा कोपर."

घरातही तीच तऱ्हा. कॅमेरा दिसला की हा माणूस पेपर तोंडासमोर धरणार, नाहीतर नेमका डोळे मिटणार. लग्नाच्या फोटोत ते आईकडे वळून बघतायत ते इतके, की फक्त कान दिसतो. ओळखपत्रावरचा एक फोटो आहे, पण तो असा की बघणाऱ्याने थेट पोलिसांत कळवावं. मुलगी जन्मभर फोटो काढून पोट भरते आणि बापाचा धड एक फोटो नाही! आई हे मला वर्षानुवर्षं ऐकवत होती आणि मी हसण्यावारी नेत होते.

त्या वर्षी मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. बाबांचं हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाले. जिना चढला की त्यांना दम लागायचा, बोलताना वाक्य मधेच सोडून द्यायचे. मी कॅमेऱ्याची पेटी भरत होते तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"हॉल पडायच्या आत ह्यांचा एक फोटो काढ," ती म्हणाली. "तिथेच काढ, त्यांच्या खुर्चीवर. घरी ते बसायचे नाहीत."

"समितीला माणूस नकोय, आई."

"समितीला नको असेल. मला हवाय." तिचा आवाज फुटला. "उद्या हे गेले तर मी बघू कुणाकडे? त्या कानाकडे?"

हॉलमधलं काम संपत आलं होतं. सज्जा झाला होता, जिना झाला होता, मखमल उसवलेल्या खुर्च्यांच्या रांगा झाल्या होत्या. स्टेज मी मुद्दामच मागे ठेवलं होतं. माझ्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर एकच फोटो निघतो, आणि माझ्याजवळ एकच फिल्म उरली होती. ती जातच बाजारातून गेल्यासारखी झाली होती, मागवली की महिनामहिना वाट बघायची. ती शेवटची फिल्म बाबांसाठी ठेवायची असं मी ठरवलं. पुस्तकाचं पुस्तकवाले बघतील.

बाबा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. पण हॉलचं नाव काढल्याबरोबर ते आत जाऊन काळा कोट घालून आले. कोट खांद्यावरून ओघळत होता. आईने पाठीमागून दोन सेफ्टी पिना लावून तो बेतात आणला.

स्टेजची मागची भिंत फिकट लाकडाच्या फळ्यांची होती, आणि वरच्या खिडक्यांतून तिच्यावर ढगाळ दुपारचा उजेड पडला होता. काळ्या-पांढऱ्या फोटोला याहून चांगला उजेड मिळत नाही. पियानो तसाच होता. त्याचं काय करायचं हे समितीचं अजून ठरत नव्हतं. साहेबांचं बाक रिकामं, बाबांची खुर्ची तिच्या जागेवर. बाबा पायऱ्या चढून आले, दोनदा थांबून दम घेतला आणि खुर्ची बोटभर मागे सरकवून बसले. कुणी झाडताना हलवली असेल, असं पुटपुटले.

मी काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहिलं. सगळं छान जुळलं होतं, एक सोडून. पियानोवरचा नोटेशन ठेवायचा स्टँड रिकामा होता आणि फोटोत तो भकास दिसत होता. मागच्या कपाटात जुन्या नोटेशनचा गठ्ठा पडला होता. त्यातलं वरचंच एक उचललं, स्टँडवर उघडून ठेवलं. काय होतं ते वाचायचे कष्टही घेतले नाहीत. मला फक्त पांढरा कागद हवा होता.

"आता हलायचं नाही हं, बाबा. मी सांगेपर्यंत. श्वास घ्या, पण बेताने."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून न हलता बसतोय मी. मला शिकवतेयस होय?"

मी शटर उघडलं.

हॉलमध्ये अशी शांतता होती की बाहेरच्या रस्त्यावर कुणी दुकानाचं शटर ओढलं तेही स्टेजपर्यंत आलं. बाबा बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर. मला इतकं बरं वाटलं! मनात म्हटलं, चला, एकदाचे सापडले.

आणि बाबा उठले.

डोळ्यांवर विश्वास बसेना. माणूस शांतपणे उठला, एक पाऊल पुढे आला, जरा वाकला आणि डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरून उभा राहिला. नजर कागदावर. पापणी लवत नव्हती. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी पान उलटलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. दम लागलेला दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटची फिल्म! ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्या स्टेजवर पान उलटत असताना बोलायचं नाही. माझं वय झालं, केस पिकले, पण ते काही माझ्याच्याने होईना. शटर बंद करावं तर फिल्म तशीही गेलीच होती. मी नुसती बघत राहिले.

ते पुन्हा उठले, पुन्हा तसेच उभे राहिले. एकदा तर दोन पानं मागे उलटली, म्हणजे तो भाग परत वाजवायचा असणार. दर खेपेला ते आधी कोपरा धरायचे आणि रिकाम्या बाकाकडे डोळ्यांच्या कडेने बघत थांबायचे. कसली वाट बघतायत ते मला ठाऊक होतं. साहेबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण बाबांना दर वेळी ती खूण मिळत होती, कारण त्याशिवाय त्यांनी पान उलटलंच नसतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

वेळ झाल्यावर मी शटर बंद केलं आणि मग मला कंठ फुटला.

"बाबा! काय सांगितलं होतं मी? हलू नका म्हटलं होतं ना?"

ते दचकले. माझ्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, आणि पोरासारखे ओशाळले.

"अगं, पण पान संपलं होतं."

"वाजवत कोण होतं?"

"ते आहेच," ते म्हणाले. "पण मग नोटेशन कशाला ठेवलंस समोर? समोर असलं की वाचलं जातं. आणि वाचलं की…" वाक्य त्यांनी सोडून दिलं.

चूक माझीच होती. दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्यासमोर तो कागद ठेवला असता तर काही बिघडलं नसतं.

"फुकट गेला का गं?" त्यांनी विचारलं.

"गेला. काही उमटायचं नाही. नुसती खुर्ची येईल."

"मग परत बसतो. फिल्म आली की सांग. आणि तेव्हा तो कागद काढून ठेव, म्हणजे झालं." पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला आणि वर हसून म्हणाले, "बाकी साहेब आज जरा घाईत होते."

फिल्म मी मागवली. ती यायच्या आधी बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि आई पेपर घेऊन खोलीत जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तोवर हॉललाही कुंपण पडलं होतं.

मामा आले, शेजारी आले. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "फोटो कुठला लावायचा?" पेट्या उपसल्या. कान निघाला, पेपर निघाला, मिटलेले डोळे निघाले. मामांनी ओळखपत्र हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

आई माझ्याकडे वळली. "हॉलमधला कुठे आहे?"

"तो बिघडला गं. ते हलले."

"बघितलास?"

"बघायचं काय त्यात? उठबस चालली होती त्यांची. हललेला माणूस उमटत नाही."

"म्हणजे न बघताच बिघडला म्हणतेस? बापाचा शेवटचा फोटो, आणि तू उघडूनही बघितला नाहीस?" ती उठली. "चल. मी पण येते."

माझ्या डार्करूममध्ये आई कधी आली नव्हती. औषधांच्या वासाने तिचं डोकं चढायचं. त्या दिवशी ती कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर नाकाला लावून बसली. फिल्म धुवायची तर मिट्ट काळोखात. मी हाताने चाचपडत काम करत होते आणि अंधारात आईचा श्वास ऐकू येत होता. या खेपेला आईला काय सांगणार होते मी? रिकामी खुर्ची बघ म्हणून?

फिल्म पक्की झाल्यावर दिवा लावला, निगेटिव्ह उजेडासमोर धरली. काळ्या भिंतीवर पियानोजवळ काहीतरी फिकट होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, त्यावरून खात्री होईना. वाळवायला घाई केली, मोठ्या कागदावर प्रिंट टाकली, लाल दिव्यात तो कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी पियानो आला. मग साहेबांचं बाक. मग भिंतीच्या फळ्या एकेक करून. आणि मग त्या फळ्यांवर बाबा आले.

दोनदा आले. एक खुर्चीवर बसलेले, पाठ ताठ. दुसरे पियानोला वाकून उभे, डावा हात पानाच्या कोपऱ्यावर. दोन्ही अंगांतून मागचं लाकूड दिसत होतं. पांढरे केस फिकट भिंतीत मिसळून गेले होते. पण चेहरा होता. खाली झुकलेला, कागदावर डोळे लावलेला, अख्खा चेहरा. आणि तो जराही हललेला नव्हता. प्रत्येक वेळी उठून ते त्याच जागी, तेवढेच वाकून, तितक्याच उंचीवर हात धरून थांबले होते. थोडं या वेळी, थोडं पुढच्या वेळी, असे साठत साठत ते फिल्मवर उमटले होते. जन्मभर न दिसण्यासाठी केलेल्या सरावाने त्यांना दाखवून दिलं होतं.

मी ट्रेवर वाकून हमसून हमसून रडले. आई स्टुलावरून उठून आली.

"हे दोघं कोण?"

"दोन्ही बाबाच आहेत."

तिने कितीतरी वेळ बघितलं. "आणि कागद कोरा कसा?"

"सगळी पानं एकावर एक पडली, आई. अक्षरं राहिली नाहीत."

"हात लावू का?"

"ओलं आहे अजून."

तिने हात मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं हे तिथे नुसते बसून असतात."

तीच प्रिंट भिंतीवर लागली. मामांना ती फारशी पटली नाही, "अर्धे दिसतात गं," असं म्हणाले. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुस्तकासाठी स्टेजचा दुसरा फोटो माझ्याजवळ नव्हता. मी हाच दिला. आठवड्याभराने सचिवांनी बोलावलं. टेबलावर सगळ्या प्रिंट मांडलेल्या होत्या आणि ते खुश होते. या एका प्रिंटवर मात्र त्यांनी बोट ठेवलं.

"हा सगळ्यात सुंदर आहे. फक्त इथे, पियानोपाशी, काहीतरी डाग आलाय. तो काढता येईल ना?"

"तो डाग नाही. माझे बाबा आहेत ते."

मी फार जोरात बोलले असणार, कारण बाहेरचा कारकून आत डोकावला. सचिवांनी चष्मा लावला, प्रिंट खिडकीजवळ नेली. मी तयारीतच होते. हा फोटो असाच जाईल, नाहीतर एकही जाणार नाही, पुस्तक गेलं खड्ड्यात! त्यांना हे मी सांगितलंही. त्यांनी बहुतेक ऐकलं नाही. ते प्रिंट बघत होते.

"मी तरुणपणापासून साहेबांना ऐकलंय," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत बसून. एक कार्यक्रम चुकवला नाही." मग त्यांनी मान वर केली आणि अगदी खरोखरीच्या आश्चर्याने विचारलं, "इथे कुणी बसायचं का हो?"

बाबांनी हे ऐकायला हवं होतं. त्यांना याहून मोठी शाबासकी कुणी दिली नसती.

"बसायचे," मी म्हटलं. सचिवांनी प्रिंट जपून पाकिटात घातली. फोटो असाच जाऊ द्या, म्हणाले.

घरी आले तर आई खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली होती, हल्ली बसते तशी. मी चपला काढता काढता तिला सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या माणसाने, जन्मभर, बाबांना एकदाही पाहिलं नव्हतं.

आई आधी हसली. किती दिवसांनी हसली! मग तिचे डोळे भरून आले आणि ती फोटोकडे वळली.

"ऐकलंत का? नाही दिसलात कुणाला. झालं ना मनासारखं?" तिने पदराने डोळे पुसले. "आता बसा हो एका जागी. मला बघू दे."